रिव्हर्ब दहावर, तरी आवाज कोरडा : सोलापुरातल्या एका जुन्या गिटार ॲम्पचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. ॲम्पचा मूळ आवाज खणखणीत, दोन्ही चॅनेल ठीक, ट्रेमोलोसुद्धा (आवाज थरथरवणारी सोय) चालू. फक्त रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलमध्ये घुमल्यासारखा आवाज लांबवणारी सोय, आटलेला. "पूर्वी तीनवर ठेवलं की हॉल भरायचा बघा. आता दहावर लावलं तरी कोरडंच वाजतंय," असं अण्णांनी सांगितलं आणि जाता जाता आणखी एक गोष्ट जोडली : "सकाळी घरात जरा तरी ऐकू येतंय ओ, संध्याकाळी प्रोग्रॅमला तर काहीच नाही." हे दुसरं वाक्य मी दुकानाच्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. दुरुस्तीला आलेला माणूस तक्रार सांगताना असं काहीतरी सहज बोलून जातो, आणि निम्मं निदान बऱ्याचदा त्यातच दडलेलं असतं.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि गिटार मात्र हिंदी गाण्यांची. गणपती, नवरात्र, सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेचे दिवस, लग्नाचा सीझन, अधूनमधून हुतात्मा स्मृती मंदिरातला कार्यक्रम, अशी त्यांची वर्षानुवर्षांची फिरती. ॲम्प मुंबईतून सेकंड हँड घेतलेला, सत्तरच्या दशकातला, अमेरिकन बनावटीचा. बारा इंची दोन स्पीकर, स्पीकर चालवणारे चार सिक्स-एल-सिक्स पॉवर व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या). नावाची पाटी केव्हाच गळून पडली आहे, पण आतल्या बाजूला चिकटवलेला व्हॉल्व्हचा तक्ता अजून वाचता येतो. मंडळी, असा तक्ता तुमच्या ॲम्पमध्ये असेल तर त्यावर पारदर्शक टेप लावून ठेवा. कुठल्या सॉकेटात कुठला व्हॉल्व्ह, हे सांगणारं दुसरं कोणी पुढे भेटेलच असं नाही.

माझ्याकडे येण्याआधी हा ॲम्प दुसऱ्या एका ठिकाणी दाखवून झाला होता. तिथे "स्प्रिंगचा डबा गेला" असं निदान होऊन नवा रिव्हर्ब टँक बसवला गेला. त्यानंतर रिव्हर्ब सुधारला तर नाहीच, उलट आणखी उतरला. जुना टँक अण्णांनी टाकून न देता चादरीच्या तुकड्यात गुंडाळून जपून ठेवला होता, आणि तो त्यांनी सोबत आणला होता. या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाची वस्तू तीच ठरली.

पुढचं नीट कळावं म्हणून या रिव्हर्बची वाट आधी समजून घेऊ. गिटारचा आवाज ॲम्पमध्ये शिरला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग सरळ पुढे जातो. दुसरा भाग एका वेगळ्या व्हॉल्व्हकडे जातो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या घराण्याच्या ॲम्पमध्ये तो १२एटी७ असतो आणि त्याचे दोन्ही अर्धे भाग समांतर जोडलेले असतात. ड्रायव्हर एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमार्फत टँकच्या पहिल्या कॉइलला करंट देतो. त्या करंटमुळे बारीकसं चुंबक हलतं, त्याला अडकवलेल्या स्प्रिंगा पिळतात, आणि ती लहर दुसऱ्या टोकाला पोचून तिथलं चुंबक हलवते. तिथल्या कॉइलमध्ये जेमतेम काही मिलिव्होल्ट तयार होतात. १२एएक्स७ व्हॉल्व्हचा अर्धा भाग ते मोठे करतो, रिव्हर्बच्या बटनातून पुढे पाठवतो, आणि दोन्ही आवाज पुन्हा एकत्र येतात. लहर स्प्रिंगेच्या टोकावर आपटून मागे-पुढे फिरत राहते म्हणून तो लांबलेला, ओलसर आवाज मिळतो. मोठ्या, म्हणजे टाइप ४ च्या टँकमध्ये दोन स्प्रिंगा असतात. एकीतून लहर जायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, दुसरीतून ४१. दोन्ही वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रतिध्वनी एकाच ठेक्यात पडत नाही.

या कल्पनेचा उगम संगीतात नाहीच. दूरच्या टेलिफोन लाइनीत आवाजाला लागणारा उशीर प्रयोगशाळेत तयार करता यावा, म्हणून अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये स्प्रिंगांचा वापर झाला. लॉरेन्स हॅमंड यांनी ती युक्ती आपल्या ऑर्गनसाठी उचलली. साठच्या दशकाच्या तोंडावर हॅमंड कंपनीतच हा आटोपशीर टाइप ४ टँक घडला, १९६१ मध्ये फेंडरने तो वेगळ्या पेटीतून गिटारवाल्यांच्या हाती दिला, आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो थेट ॲम्पच्या आत आला. अण्णांच्या ॲम्पमधली रचना त्याच वळणाची आहे. इतक्या वर्षांनीही तीच साधी युक्ती कानाला इतकी गोड लागते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता कामाकडे. रिव्हर्ब कमी पडला की दोष दोनपैकी एका बाजूला असतो : टँकपर्यंत जाणारी वाट किंवा टँकपासून परत येणारी वाट. हे ठरवायला मीटरही लागत नाही. ॲम्प चालू करायचा, रिव्हर्ब चार-पाचवर ठेवायचा, आणि कॅबिनेटवर मुठीने हलकेच ठोकायचं. स्प्रिंगा हलल्या आणि स्पीकरमधून पत्रा कोसळल्यासारखा गडगडाट आला, तर परतीची वाट धडधाकट आहे. अण्णांच्या ॲम्पने असा काही दणका दिला की शेजारच्या दुकानातला पोरगा बघायला आला. म्हणजे दुसरी कॉइल, परतीची वायर, १२एएक्स७, रिव्हर्बचं बटन, सगळं शाबूत. पहिल्या पाच मिनिटांत निम्मं सर्किट संशयातून बाहेर पडलं. ही ठोकण्याची चाचणी न करता कोणी टँक किंवा व्हॉल्व्ह बदलायला घेत असेल, तर त्याला थांबवा.

उरली जाण्याची वाट. तिच्यातली सर्वात सोपी गोष्ट आधी : टँकला ॲम्पशी जोडणाऱ्या दोन्ही आरसीए वायरी. त्यांच्या पिना काळ्या पडलेल्या होत्या. सोलापूरची धूळ आणि स्टेजवरचा घाम दोन्ही त्यांवर बसलेलं. पुसल्या, वायरींची कंटिन्युइटी पाहिली, पिना घट्ट केल्या. फरक शून्य. पुढे गेलो.

नव्या टँकच्या पत्र्यावर कोड छापलेला होता : ४ईबी३सी१बी. या कोडातलं प्रत्येक अक्षर काहीतरी सांगतं. पहिला आकडा टँकचा प्रकार, त्यानंतरचं अक्षर पहिल्या कॉइलचा इम्पिडन्स (सुराच्या एसी करंटला होणारा अडथळा), मग दुसऱ्या कॉइलचा, मग आवाज किती लांबतो, मग अर्थिंगची पद्धत, लॉक, आणि शेवटी टँक कसा बसवायचा ते. अण्णांच्या ॲम्पला हवा ४एबी३सी१बी. फरक एका अक्षराचा, पण 'ए' म्हणजे ८ ओहम आणि 'ई' म्हणजे ६०० ओहम. लांबी तीच, भोकं त्याच जागी, पिना तशाच. बसवताना हाताला काहीच वेगळं जाणवत नाही.

मात्र आतून फार वेगळं घडतं. ८ ओहमच्या कॉइलला वेढे थोडे आणि करंट जास्त लागतो. ६०० ओहमच्या कॉइलला वेढे खूप, करंट कमी, पण तो करंट ढकलायला जवळपास आठपट व्होल्टेज हवं. ड्रायव्हरचा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमसाठी बांधलेला, तो ते व्होल्टेज आणणार कुठून? म्हणून स्प्रिंगा जेमतेम थरथरतात. धूर नाही, जळकट वास नाही, आवाज बंद नाही, नुसताच अशक्त. असा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो, कारण ॲम्प "चालू" असतो.

जुना टँक चादरीतून काढला. त्याचा छाप पुसट झाला होता, म्हणून ओहम मोजून ओळख पटवली. इथे एक बारकावा : मीटरने कॉइलचा डीसी रेझिस्टन्स मोजला जातो, इम्पिडन्स नव्हे. ८ ओहमच्या कॉइलचा डीसी रेझिस्टन्स एका ओहमच्याही आत, साधारण ०.८ असतो, ६०० ओहमच्या कॉइलचा ५८ च्या आसपास, आणि परतीच्या २२५० ओहमच्या कॉइलचा सुमारे २००. स्वस्त मीटरच्या वायरी स्वतःच ०.३–०.४ ओहम दाखवतात, तेव्हा आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून तो आकडा वजा करायचा. जुन्या टँकमध्ये पहिल्या कॉइलला ०.९ आणि दुसऱ्या कॉइलला १९६ भरलं. आतला पत्र्याचा ट्रे ज्या चार बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो त्या जागेवर, कॉइलपासून पिनेपर्यंतच्या केसासारख्या तारा अखंड. टँक ठणठणीत होता! ज्याच्यावर आळ आला, तो निर्दोष निघाला.

जुना टँक परत बसवला. रिव्हर्ब लगेच वाढला, पण अण्णांनी सांगितलेल्या "तीनवर हॉल भरायचा"च्या जवळपासही नाही. ते अपेक्षितच होतं. टँक बदलायची वेळ आली तेव्हाच रिव्हर्ब आटलेला होता, म्हणजे मूळ दुखणं चुकीच्या टँकच्या आधीपासूनचं. दोन दोष एकावर एक चढले होते, आणि वरचा काढल्याशिवाय खालचा दिसणार नव्हता.

आता चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, बाहेर. यापुढचं वाचून कोणी उत्साहाने स्क्रू खोलणार असेल, तर कळकळीची विनंती : अशा ॲम्पमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ते साठून राहतं. बंद करून, रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामे करायचे, मीटरवर व्होल्टेज उतरलेलं डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच हात घालायचा. चालू ॲम्पवर माप घेताना काळी टोच चेसिसला क्लिपने अडकवून एकच हात वापरायचा. ज्यांना याची सवय नाही त्यांनी टँक आणि वायरींपर्यंतच थांबावं. तिथे धोका नाही आणि बरेच दोष तिथेच सापडतात.

ड्रायव्हरच्या कॅथोडवर (व्हॉल्व्हमधलं तापून इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) २२०० ओहमचा रेझिस्टन्स आणि त्याला समांतर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज मोजलं की व्हॉल्व्हमधून किती करंट वाहतो ते कळतं. या सर्किटमध्ये तिथे साडेआठ व्होल्टच्या आसपास मिळायला हवं, म्हणजे चार मिलिअँपिअरच्या जवळ. मिळालं ५.६. रेझिस्टन्स बंद अवस्थेत मोजला तर २२५० ओहम, म्हणजे बरोबर. तेव्हा करंट अडीच मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह थकलेला.

तरी माझं समाधान होईना. थकलेल्या व्हॉल्व्हने रिव्हर्ब उतरतो खरा, पण इतका नाही. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून एक किलोहर्ट्झचा सूर हलक्या आवाजात ॲम्पला दिला आणि ड्रायव्हरच्या ग्रिडवर, म्हणजे सूर व्हॉल्व्हमध्ये शिरतो त्या टोकावर, किती येतो, टँकच्या पिनेवर किती पोचतो, ते एसी मापावर पाहिलं. ग्रिडवर भरपूर, पुढे मात्र फारच कमी. गळती ड्रायव्हरमध्येच होती आणि ती व्हॉल्व्हच्या थकव्यापेक्षा मोठी होती.

भिंग घेऊन कॅथोडच्या कंडेन्सरकडे पाहिलं. रबराच्या बुचापाशी तपकिरी, भुकटीसारखा थर, आणि तारेच्या मुळाशी हिरवट गंज. तार बोटाने हलवली तर बुचात सैल हलत होती. बाहेरून कंडेन्सर, आतून काहीच नाही. एक टोक सुटं करून मोजलं तर २५ मायक्रोफॅरडच्या जागी मीटर नॅनोफॅरडमध्ये घुटमळत होता.

या कंडेन्सरचं काम सांगतो, कारण याला कोणी भाव देत नाही. सूर वरखाली होतो तसा व्हॉल्व्हचा करंट वरखाली होतो, आणि कॅथोडच्या रेझिस्टन्सवरचं व्होल्टेजही त्याच्याबरोबर हलू पाहतं. ते हललं की व्हॉल्व्ह स्वतःच्याच सुराला विरोध करतो. कंडेन्सर ते व्होल्टेज स्थिर धरतो. तो नसेल तर या ड्रायव्हरचं वाढवणं हिशेबाने जवळपास पाचपट घटतं. गंमत अशी की तो अर्धामुर्धा सुकला असता तर कानाला काहीच कळलं नसतं. २५ मायक्रोफॅरड ही भरघोस किंमत आहे. रिव्हर्बच्या वाटेवर खालचे सूर आधीच एका छोट्या, ५०० पिकोफॅरडच्या कंडेन्सरने कापलेले असतात, त्यामुळे तीन-चार मायक्रोफॅरडवरही भागतं. म्हणूनच हा दोष हळूहळू आला तरी दिसला उशिरा, आणि दिसला तेव्हा एकदम दिसला. डीसी व्होल्टेज मोजून हा कंडेन्सर कधीच पकडता येत नाही, कारण डीसीच्या दृष्टीने तो असला काय नि नसला काय, सारखंच.

खात्री करायला ॲम्प बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, जुन्याला समांतर २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा चांगला कंडेन्सर क्लिपने लावला. पुन्हा चालू केला. अण्णांनी एक तार छेडली आणि त्यांचा हात तसाच थांबला. रिव्हर्ब चारवर होता. ते काही बोलले नाहीत, बटन तीनवर आणलं, पुन्हा छेडली, आणि मग म्हणाले, "हं, हे हाय बघा ते." मग रीतसर जुना काढून नवा झाळला, आणि १२एटी७ ही बदलला. नव्या व्हॉल्व्हवर कॅथोड ८.३ व्होल्टला आला. इथे एक सावधगिरी : दिसायला सारखा म्हणून या सॉकेटात १२एएक्स७ बसवणारे भेटतात. तो बसतो, वाजतोही, पण टँकला लागणारा करंट त्याच्याने उचलला जात नाही. तक्त्यावर लिहिलंय तेच घाला.

आता ते वहीतलं दुसरं वाक्य. संध्याकाळी रिव्हर्ब आणखी का उतरायचा? ॲम्प मूळचा ११७ व्होल्टचा, म्हणून अण्णा एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरतात, २३० चे ११० करणारा. पूर्व भागात यंत्रमाग धडधडत असतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात कूलरही. लाइनचं व्होल्टेज तासातासाला बदलतं. सकाळी २२८ असताना ॲम्पला १०९ मिळायचे आणि व्हॉल्व्हच्या फिलामेंटला (आतून तापवणारी तार) ५.९ व्होल्ट. संध्याकाळी लाइन २०४ वर उतरली तेव्हा ॲम्पला ९७ आणि फिलामेंटला ५.२. फिलामेंटला ६.३ हवेत, दहा टक्के इकडेतिकडे चालतं, ५.२ म्हणजे त्याच्याही खाली. नवा व्हॉल्व्ह अशा उपासमारीत तग धरतो. थकलेल्याचा कॅथोड नीट तापला नाही की तो मान टाकतो. जुना व्हॉल्व्ह मुद्दाम परत घालून पाहिला : कॅथोडवरचे सकाळचे ५.६ व्होल्ट संध्याकाळी ४.२ झाले. अण्णांचा कान खोटं बोलत नव्हता. अशा वेळी गिऱ्हाइकाला "तुमचा भास आहे" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. मीटर लावायला दोन मिनिटं लागतात.

उपाय गावातच झाला. वाइंडिंगवाल्याकडून स्टेप-डाउनला ११७ व्होल्टची टॅप काढून घेतली आणि पुढे एक सर्व्हो स्टॅबिलायझर जोडला. आता फिलामेंट दिवसभर ६.२ ते ६.३ वर असतं. पण व्होल्टेज जागेवर आलं की आणखी एक काम अंगावर येतं, आणि ते बहुतेक जण विसरतात. पॉवर व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे सूर नसताना त्यातून किती करंट वाहावा ते ठरवणारी जुळणी, इतके दिवस कमी व्होल्टेजवर बसवलेला होता. वाढलेल्या व्होल्टेजवर तेच व्हॉल्व्ह जास्त तापतात. म्हणून चारही सिक्स-एल-सिक्सचा करंट पुन्हा मोजून बायस मागे घेतला. फिल्टर कंडेन्सरही तपासले. ते पूर्वी कधीतरी बदललेले होते, त्यामुळे तिथे खर्च वाचला.

खर्चाचं बोलायचं तर कंडेन्सर चहाच्या कपाइतका स्वस्त. व्हॉल्व्ह महाग, आणि तो सोलापुरात मिळत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारावं लागतं, नाहीतर बाहेरून मागवावा लागतो. आपल्याकडे सुटे भाग मिळायची अशी मारामार असते, म्हणून तर "एकदाच काय ते मागवून बदलून टाकू" ही वृत्ती बळावते. माझं मत बरोबर उलट आहे. भाग लांबून येणार असेल तर मागवण्याआधी दहा वेळा मोजावं. अण्णांचे सगळ्यात जास्त पैसे गेले ते त्या ६०० ओहमच्या टँकवर, आणि त्याची गरजच नव्हती. तो टँक वाया जाणार नाही. आयसीने चालवल्या जाणाऱ्या काही ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये हाच प्रकार लागतो, आणि अण्णांच्या भाच्याकडे तसा एक ॲम्प आहे. त्याच्या टँकची पहिली कॉइल मोजून आणायला सांगितलं आहे; ५८ च्या आसपास भरली तर तिथे तो बसवू.

ॲम्पची पेटी बंद करण्यापूर्वी टँकचा योग्य कोड, ड्रायव्हरच्या कॅथोडचं व्होल्टेज आणि फिलामेंटचं व्होल्टेज एका कागदावर लिहून तक्त्याशेजारी चिकटवलं. टँक त्याच्या रेक्झिनच्या पिशवीत, उघडी बाजू खाली करून ठेवला. पिशवी नसेल तर स्पीकरचा हादरा थेट स्प्रिंगांना लागतो आणि मोठ्या आवाजात रिव्हर्ब हुंकारू लागतो. एक गोष्ट तेवढी बाकी आहे. परतीच्या वाटेवरचा १२एएक्स७ टिचकी मारली की किंचित किणकिणतो. रिव्हर्ब पाचच्या पुढे नेला तरच ते ऐकू येतं, आणि अण्णा आता तीनच्या पुढे जात नाहीत. पुढच्या खेपेला पुण्याहून व्हॉल्व्ह आला की तो बदलायचा, असं ठरलं आहे.